काळ्या बाह्या

तेल कंपनीचा कॅम्प, आखात
२१ ऑगस्ट १९८८

चि. मीनल हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. बँड काढलाय हे वाचून आधी वाटलं, वरातीतला. मग पुढचं वाचलं. तू गाणार, कॅम्प तीनच्या जीन्सवाल्यांचा हरेश गिटार वाजवणार आणि सोनिवलीचा चंदू ड्रम. चंदू म्हणजे तोच ना, जो गॅदरिंगला ढोलकी वाजवता वाजवता स्टेजवरून खाली पडला आणि खाली पडूनही वाजवतच राहिला? मग तुमचं बरं चालेल. आणि नाव काय, तर म्हणे ‘कॅम्प थ्री’! अगं, मी इथे कॅम्पात राहतोय, तुम्ही तिथे सिंधी निर्वासितांच्या कॅम्पाचं नाव लावताय. सटवाईने आपल्या घराच्या कपाळी कॅम्पच लिहिलाय वाटतं.

तू मागितलेली म्युझिकची मासिकं पाठवतोय. विठ्ठलवाडीचे रामभाऊ माझ्याच खोलीत राहतात, ते गणपतीला घरी निघालेत. त्यांच्या बॅगेत माईसाठी बदाम, अण्णांसाठी ब्लेडं आणि तुझी मासिकं कोंबली आहेत. इथे एकच दुकान असलं काही ठेवतं. जुने अंक, मिळाले तसे उचलले, चाळलेसुद्धा नाहीत. मला त्यातलं काय कळतंय!

कॅम्प तीनच्या बाजारातला रेकॉर्डवाला काका आठवतो का गं? कपडे वाळत घालावेत तशी रेकॉर्डची कव्हरं दोरीवर लावायचा. हात लावू द्यायचा नाही, पण बघायला मनाई नव्हती. तू माझ्या सायकलच्या दांडीवर, एवढीशी. आपण नुसतं कव्हर बघून आतलं गाणं कसं असेल ते ओळखायचो. दाढीवाला दिसला की तू घोगरा आवाज लावायचीस, मडमेचा फोटो दिसला की किंचाळायचीस. काका हसून लिमलेटची गोळी द्यायचा आणि सिंधीत काहीतरी म्हणायचा, ते आपल्याला कधीच कळलं नाही. इथे संध्याकाळी बाहेर बसलं की समोर नुसती वाळू, आणि मला ती दोरी दिसते. घरची इतकी आठवण येते की कधीकधी वालधुनीच्या नाल्याचा वाससुद्धा हवासा वाटतो. हस तू खुशाल.

अण्णांना विचारलंस का? पत्रात त्याबद्दल अवाक्षर नाही, म्हणजे विचारलेलं नाहीस. घाबरट कुठली. पण त्यांना चोरून स्टेजवर चढू नकोस, एवढं माझं ऐक.

माई-अण्णांना शि. सा. न. दादाची आठवण दिवसातून एकदा तरी काढत जा, भांडायला का होईना.

तुझा,
शरददादा


अंबरनाथ
२ ऑक्टोबर १९८८

ती. शरददादास,
शि. सा. न. वि. वि.

दादा, तू ग्रेट आहेस! मासिकं आली आणि आमच्यात मारामारी झाली. शेवटी हरेशने ती प्लॅस्टिकमध्ये घालून त्यांच्या जीन्सच्या वर्कशॉपमधल्या देवांच्या तसबिरींशेजारी ठेवली. रोज कापड कापून झालं की हात धुऊन आम्ही ती उघडतो. यातल्या एकाही बँडचं गाणं आम्ही ऐकलेलं नाही. कॅसेट इकडे येतेय कुठे? तुझ्या दोरीवरच्या कव्हरांसारखंच चाललंय, फोटो बघायचा आणि गाणं कसं असेल ते ठरवायचं. चंदू तर ड्रमवाल्याचे दंड बघून ठेका ठरवतो.

एक गोष्ट आमच्या लक्षात आली. त्या मासिकांत कोणीही हसत नाही. सगळे पडक्या भिंतीला टेकून, कॅमेऱ्याकडे न बघता, जणू सगळ्यांची एकदमच दाढ दुखतेय. म्हणून आम्ही न हसण्याची प्रॅक्टिस करतो. मला आणि हरेशला जमतं. चंदूचं तोंड म्हणजे उघडी खिडकी, त्याला वाईट वाटलं तरी दात दिसतात. हरेश त्याला म्हणतो, भाई तू पीछे खडा रह और मुंडी नीचे रख.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे काळ्या बाह्या! तू चाळलं नाहीस म्हणून सांगते. त्यांच्यातल्या गाणाऱ्या बायका खांद्यापासून मनगटापर्यंत काळ्याकुट्ट बाह्या घालतात. काहींच्या गळ्यापाशीही काळी पट्टी. एकीच्या तर गळ्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ काळी चौकट आहे, ती शिवली कशी असेल यावर हरेशच्या कारागिरांनी दोन दिवस डोकं खाजवलं. कडा मुद्दाम वेड्यावाकड्या ठेवतात. आपल्याकडच्या कुठल्याच बँडमध्ये ही फॅशन नाही, म्हणून आम्ही ठरवलं की हीच आपली ओळख. हरेशने काळ्या अस्तराच्या उरलेल्या कापडातून बाह्या शिवल्या. माझ्या पुऱ्या, त्या दोघांच्या कोपरापर्यंत. कडा कात्रीने कुरतडल्या.

आता मुख्य. मी अण्णांना विचारलं! तुला माहितीच आहे, घरातल्या मुलीने ऑर्केस्ट्रात गायचं नाही हे त्यांचं जुनं वाक्य. त्यात तिथल्या गायिकांचे बिनबाह्यांचे कपडे. मी सरळ मासिकच पुढे केलं. म्हटलं, बघा, परदेशातसुद्धा बायका अंग झाकूनच गातात. अण्णांनी चष्मा लावला, अंक ट्यूबलाइटखाली नेला, इकडून तिकडून तिरका करून बघितला. आयुष्य शाईच्या कारखान्यात गेलं ना त्यांचं, छापलेलं काही दिसलं की आधी छपाईच बघतात. मग चष्मा काढून म्हणाले की अंगभर आहे, हरकत नाही. दादा, मी त्यांच्या पाया पडले! माई ओट्यापाशी उभी होती, ती एकदम पाठमोरी झाली आणि उगाच डबे पुसायला लागली.

जानेवारीत मुंबईत मोठी बँड स्पर्धा आहे आणि आमचं नाव लागलंय. मुंबईचं एक इंग्रजी म्युझिक मासिक त्याआधी आमच्यासारख्या नव्या बँडचे फोटो छापणार आहे. त्यांचा फोटोग्राफर दिवाळीत इकडे येतोय! दादा, मला हे खूप खूप हवंय. नाहीतर मी आहेच, बँकेची परीक्षा आहे आणि नाशिकच्या काकांनी आणलेलं स्थळ आहे.

खाली माई दोन ओळी लिहितेय. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस, तिकडचा चहा झाला तरी चालेल.

तुझी,
मीनल

चि. शरद, बदाम छान आहेत. पोरगी हल्ली आरशासमोर रडवं तोंड करून उभी राहते, काळजी करू नये, ती प्रॅक्टिस आहे. तू जेवत जा. — माई


तेल कंपनीचा कॅम्प
१७ ऑक्टोबर १९८८

चि. मीनल हिस,
अ. उ. आ.

हे पत्र हरेशच्या वर्कशॉपच्या पत्त्यावर पाठवतोय, कारण घरी आलेलं पाकीट अण्णा फोडतात आणि जेवणं झाल्यावर सगळ्यांना वाचून दाखवतात. हे वाचून दाखवण्यासारखं नाही. बस आधी.

मीने, त्या बाह्या नाहीत. तो मार्कर आहे.

इकडे बाहेरून येणारं प्रत्येक मासिक तपासलं जातं. बाईचा दंड दिसला, पाय दिसला, गळा खोल दिसला की तिथे बसलेला माणूस जाड काळा मार्कर घेतो आणि रंगवून टाकतो. एकेक अंक, एकेक पान, हाताने. म्हणून कडा वेड्यावाकड्या. ती चौकटवाली बाई बहुधा पोहायच्या कपड्यात असेल, तिला शिंप्याने नाही, त्या माणसाने झाकलं. आम्हाला याची इतकी सवय झाली आहे की हे तुला कळवावं असं डोक्यातसुद्धा आलं नाही. आमच्या मेसमध्ये बिस्किटाच्या जाहिरातीतल्या बाईलाही काळे हात आहेत.

खरं सांगू, तुझं पत्र वाचून मी इतका हसलो की रामभाऊंना वाटलं घरून वाईट बातमी आली, मी रडतोय. कारागीर दोन दिवस डोकं खाजवतायत! पण मग हसू आटलं. मुंबईची ती मंडळी परदेशातले मार्कर न लागलेले अंक बघत असणार. त्यांनी ओळखलं तर तुमचं हसं होईल. आणि अण्णा? त्यांनी तर त्या काळ्या रंगावरच हो म्हटलंय.

माझं ऐकशील तर बाह्या काढून टाका, साधे कपडे घालून फोटो काढा, आणि अण्णांना काही बोलू नकोस. स्पर्धा होऊन जाऊ दे. हा घोळ माझ्यामुळे झाला याचं मला फार वाईट वाटतंय. फोटोच्या आत हे तुझ्या हातात पडावं म्हणून आजच टाकतोय.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र बंद करू नकोस. इथे तेवढंच येतं माझ्याकडे.

तुझा,
शरददादा


अंबरनाथ
२० नोव्हेंबर १९८८

ती. शरददादास,
शि. सा. न. वि. वि.

दादा, तुझं पत्र वेळेवर आलं आणि तरी उशिरा मिळालं. दिवाळीत वर्कशॉप बंद होतं, कारागीर सगळे गावाला. पोस्टमनने पाकीट शटरखालून आत सरकवलं. आणि त्याच बंद शटरसमोर, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही तिघं काळ्या बाह्या घालून फोटोला उभे होतो! पत्र आत पडलंय आणि आम्ही बाहेर दाढदुखीचे चेहरे करून उभे. वर्कशॉप उघडल्यावर हरेशने ते मला आणून दिलं. मी वाचलं आणि मटकन तिथेच बसले, कापडाच्या ताग्यावर.

आधी तुला भरपूर शिव्या दिल्या. एक ओळ लिहायला काय झालं होतं रे तुला? मग चंदूला वाचून दाखवलं. तो हसायला लागला तो थांबेचना, मग हरेश, मग मीपण. चंदूच्या आईने, कौसाबाईंनी, त्याच्या बाह्या बघून आधीच विचारलं होतं म्हणे, की कुणाच्या तेराव्याला चाललास का. सगळ्यांत शहाणी तीच निघाली.

फोटोग्राफर मात्र खूश होता. आम्ही घरून येताना केस विंचरून आलो, ते त्याने विस्कटले. जीन्स धुतलेलं निळं पाणी गल्लीतून वाहतं ना, त्याच्या काठावर उभं केलं. समोर हरेशच्या काकांचं चकचकीत नवीन दुकान होतं, तिकडे कॅमेरा वळवलाच नाही, पडकी भिंतच हवी म्हणाला. बाह्यांबद्दल विचारलं की हे काय आहे. आम्हाला तरी कुठे माहीत होतं! हरेशने ठोकून दिलं की कारखान्यांच्या गावाची काजळी आहे. त्याने लगेच लिहून घेतलं. दादा, आम्ही त्यांचे फोटो बघून तसे झालो आणि तो आम्हाला बघून म्हणतो की हे एकदम अस्सल आहेत. म्हणजे त्या परदेशातल्या पोरांनाही कोणीतरी असंच केस विस्कटून भिंतीपाशी नेलं असेल, नाही का? मला एकदम त्यांची दयाच आली.

पण हे सगळं हसण्यावारी गेलं तरी अण्णांचं जात नाही. हरेश म्हणतो चुप बैठ, स्पर्धा होऊ दे, तेरे पप्पा को कौन बताएगा. तूही तेच लिहिलंयस. मला जमत नाही रे. रोज रात्री मी रियाजाला बसले की ते बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसतात. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून हो म्हटलं आणि ते मी खोट्यावर उभं राहून घेतलं, हेच आठवत राहतं, सूरच लागत नाही. म्हणून ठरवलंय की आज सांगणार. नाही म्हणाले तर नाही. तेव्हा रडेन, आत्ता नाही.

ता. क. रात्री लिहितेय. सांगितलं. मार्करचं सगळं सांगितलं, आणि हेही की खऱ्या फोटोत त्या बायकांचे हात उघडेच आहेत आणि मी तुम्हाला चुकीचं दाखवून परवानगी घेतली. अण्णांनी ऐकून घेतलं. मग उठले आणि अंधारात जाऊन कुंड्यांना पाणी घालायला लागले. सकाळीच घातलं होतं. माई म्हणते झोप जा. दादा, मला भीती वाटतेय. मला गायचंय रे.

माझ्यासाठी देवाला काहीतरी सांग. आणि कितीही शिव्या दिल्या असल्या तरी तुझीच,
मीनल


तेल कंपनीचा कॅम्प
२८ डिसेंबर १९८८

चि. मीनल हिस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्रानंतर महिना झाला, तुझं काही नाही. माईचं कार्ड आलं, त्यात एवढंच की सगळे बरे आहेत, थंडी आहे, अण्णा लिहिणार आहेत. अण्णा? मला इथे येऊन चार वर्षं झाली, अण्णांनी आजवर पत्राखाली आशीर्वादसुद्धा माईच्याच हाताने लिहवून घेतलाय. 

काय म्हणाले ते? ओरडले का? माझ्यावर ढकल सगळं, मी लांब आहे, मला काय करणार आहेत. तू स्पर्धेला जाणार की नाही एवढं एका ओळीत कळव. मी ड्यूटीवर व्हॉल्व्ह फिरवतो आणि डोक्यात तुझी कुंडी.

काल रात्री रामभाऊंना ती आपली कव्हरं ओळखायची गंमत सांगितली. सांगताना कळलं की मला त्यातलं एकही कव्हर आठवत नाही. तुझी पाठ आठवते, दांडीवर बसलेली, आणि तेल लावलेल्या दोन वेण्या. कव्हर बघायला तू पुढे वाकायचीस आणि सायकल डुगडुगायची.

लिही गं बाई. दादाला असं टांगून ठेवून तुला पुण्य लागणार नाही.

तुझा,
शरददादा


॥ श्री ॥
अंबरनाथ
९ मार्च १९८९

चि. शरदचंद्र यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझ्या आईचं कार्ड मिळालं असेल. मीनलने तुला लिहिलं नाही, कारण मीच तिला थांब म्हणालो. हे मला लिहायचं होतं. मला पत्राची सवय नाही, त्यामुळे वेळ लागला. परवा महाशिवरात्र झाली, देवळाच्या जत्रेची गर्दी ओसरली, आज शांत बसलो आहे.

मीनलने ते मासिक माझ्यापुढे धरलं तेव्हा तो काळा रंग छापील नाही हे मला तिथल्या तिथे कळलं. छपाईची काळी शाई कागदात मुरते. मार्कर वर बसतो आणि तिरक्या उजेडात जांभळा चकाकतो. इतकी वर्षं मी दुसरं काय केलं? कोणीतरी नंतर रंगवलेलं आहे आणि खाली काय असणार, हे समजायला फार अक्कल लागत नाही. तुझ्या आईला मी त्याच रात्री सांगितलं. ती म्हणाली की तिला आधीच कळलं होतं, आणि आपल्याला दिसलंच नाही असं समजा.

मग मी हो का म्हणालो, असं तू विचारशील. ती गायला बसते तेव्हा मी बाहेरच्या खोलीतला पंखा बंद करतो, म्हणजे नीट ऐकू येतं. उकडलं तरी बंद करतो. मला तिला नाही म्हणायचं नव्हतं. पण इतकी वर्षं एकच वाक्य बोलत आलेल्या माणसाला हो म्हणायला जागा लागते. पोरीने जागा आणून दिली, मी घेतली. ती बिचारी समजत होती की तिने मला फसवलं. ती येऊन सगळं खरं सांगायला लागली तेव्हा मला तिच्यासमोर बसवेना, म्हणून कुंड्यांकडे गेलो. दोन झाडं त्या पाण्याने कुजली.

सकाळी मी तिला एवढंच सांगितलं की बाह्या घालायच्या की नाही ते तिचं तिने ठरवावं, मात्र परत यायला उशीर होईल तेव्हा मी बरोबर येणार. मला आधीपासून माहीत होतं, हे सांगितलं नाही. तूही सांगू नकोस. खरं बोलायला तिने जो धीर केला, तो फुकट गेला असं तिला वाटायला नको.

स्पर्धेला गेलो. आवाज फार होता, मी कानात कापूस घातला होता तो तिची पाळी आल्यावर काढला. शब्द एकही कळला नाही. चंदू मागे बसून सगळा वेळ हसत होता. मीनल बाह्या न घालता आली. दंडावरची देवीची लस टोचल्याची खूण मला लांबून दिसली. नगरपालिकेच्या दवाखान्यात तिला मीच धरून बसलो होतो, तेव्हाही तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला होता. बक्षीस काही मिळालं नाही. पण लोक उठून उभे राहिले, आणि मीही राहिलो, गुडघा दुखत असताना. त्यांना वाशीला एका कार्यक्रमाचं बोलावणं आलं आहे. नाशिकला मी कळवून टाकलं की मुलगी सध्या गाते आहे.

स्पर्धेआधी निघणार होतं ते मासिक लांबत लांबत या आठवड्यात आलं. इथे मिळेना म्हणून कल्याणहून आणलं. दोन फोटो आहेत. मोठा दिवाळीतला, भिंतीपाशी, काळ्या बाह्यांचा. त्याखाली लिहिलं आहे की ही पिढी संतापलेली आहे. मी मीनलला विचारलं की तू कोणावर संतापली आहेस, तर म्हणाली फोटोग्राफरवर, तो चहा पिऊ देत नव्हता. लहान फोटो स्पर्धेतला आहे, हात उघडे, डोळे मिटलेले, तोंडभर हसू. छपाई बेताचीच आहे, रंग जरा सरकलेला आहे. तुझी आई येईल त्या बाईला तोच दाखवते.

तू अंक मागशील. रामभाऊ पुन्हा रजेवर आले आहेत, पुढच्या महिन्यात परत निघतात, ते घेऊन येतो म्हणत होते. मी नको म्हटलं. तिकडे कोणीतरी टेबलाशी बसेल, पान उघडेल आणि माझ्या मुलीवर मार्कर फिरवेल, हे मला सहन होणार नाही. तू रजा घेऊन ये, आणि घरी बसून, दिवसाच्या उजेडात बघ.

तुझी वाट बघणारा,
अण्णा